मळीच्या टाकीची शिडी

खालून मोजलं तर तेविसावी पायरी. हे मी नंतर मोजलं, गळ्यात हाताची झोळी अडकवून. पाय सुटला तेव्हा मोजायला सवड नव्हती.

जानेवारी २०२३. हंगाम ऐन भरात, तिसरी पाळी संपायला दीडेक तास राहिलेला. नदीकडून धुकं असं चढलं होतं की यार्डातले हॅलोजन म्हणजे नुसते पिवळे डाग. मी साखर कारखान्यात फिटर आहे, एकोणीस वर्षं. कारखान्याचं नाव सांगत नाही. सांगली जिल्ह्यातला, कृष्णाकाठचा, एवढं पुरे. मळीच्या दोन नंबर टाकीची पातळी दाखवणारा फ्लोट अडकला होता. वर जाऊन तो सोडवला, हाताने टेप सोडून डिपही घेतला आणि उतरायला लागलो.

ज्यांनी मळी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. साखरेचे दाणे काढून घेतल्यावर जो काळा, दाट पाक उरतो ती मळी. डांबरासारखी दिसते, काकवीसारखी वास मारते आणि ज्याला लागेल त्याला सोडत नाही. टाकीत किती मळी आहे हे बघायला वरून टेप सोडतात, त्याला डिप म्हणायचं. टेप वर ओढली की ती मळीने माखलेली असते. डिप घेणारा ती पुसतो, थोडी शिडीच्या तोंडाशी ठिबकते, आणि तेच बूट घेऊन तो उतरतो. वर्षानुवर्षं हेच. त्यामुळे वरच्या दहा-बारा पायऱ्यांवर मळीचं एक पातळ कातडं कायम असायचं. दुपारी ते चिकट असतं, उलट बूट धरून ठेवतं. पहाटे दव पडलं की तेच साबण होतं. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर उपाय एकच होता, एकमेकांना सांगणं: "दमानं उतर लगा."

माझी चूकही सांगून टाकतो. उजव्या हातात बॅटरी होती. म्हणजे शिडीला धरायला एक हात आणि दोन पाय. पाऊल उचललं की एक हात आणि एक पाय. डावा बूट सरकला, त्याच्या मागोमाग उजवाही. हाताने पकडलेल्या गजावर दव होतंच.

शिडीला पिंजरा होता. जमिनीपासून अडीच मीटरवर सुरू होणारी लोखंडी गोल कडी आणि त्यांना जोडणाऱ्या उभ्या पट्ट्या. मी त्या पिंजऱ्यातून खाली गेलो. पाठ एका कड्यावर आपटली, डोकं पट्टीला घासलं, आणि कुठेतरी डाव्या हाताचं कोपर कडं आणि शिडीच्या मधल्या फटीत शिरलं. त्या कोपरावर मी लटकलो. खांद्यात काहीतरी ओलं फडकं पिळल्यासारखं झालं. बॅटरी खाली पडून जळतच राहिली होती, ती वरून दिसत होती, हे मात्र स्पष्ट आठवतं. खाली थांबलेला हाताखालचा पोरगा बोंबलत पॅनवाल्यांकडे, म्हणजे पाक आटवणाऱ्यांकडे, पळाला. चौघांनी मला उतरवलं. कसं उतरवलं ते मी विचारत नाही, तेही सांगत नाहीत.

मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. खांदा बसवला, दोन बरगड्यांना चीर, कोपराला टाके, सहा आठवडे झोळी. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य म्हणायचा: पिंजरा होता म्हणून वाचलास. आईने गणपतीला नारळ फोडला. मीही तेच म्हणत होतो. हिशोब साधा होता. सात मीटरवरून मोकळा पडलो असतो तर जमीन यायला १.२ सेकंद लागले असते, आणि आपटताना वेग ताशी ४२ किलोमीटर. मोटरसायकलवरून भिंतीवर जावं तसा.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन. कारखान्यात दरवर्षी शपथ होते, बिल्ले लावतात, पोस्टर स्पर्धेत कामगारांच्या पोरांना बक्षिसं मिळतात. त्या वर्षी मला झोळीसकट पहिल्या रांगेत बसवलं होतं. पाहुण्यांनी भाषणात माझ्याकडे दोनदा हात केला. मला आपण प्रदर्शनातली वस्तू असल्यासारखं वाटत होतं.

चहाच्या वेळी चीफ इंजिनिअर साहेबांनी बाजूला घेतलं. "हंगाम संपला की शिडीचं काय करायचं ते तू बघ. ज्याचं जळतं त्याला कळतं." झोळीतल्या माणसाला अवजड काम देता येत नाही, म्हणून दिलं असेल असं मला आजही वाटतं. पण दिलं खरं.

हंगाम संपला आणि पुण्याहून एक इंजिनिअर आला, शिडीवरून पडणाऱ्याला धरणाऱ्या वायर विकणाऱ्यांकडचा. तरुण पोरगा, बुटाला पॉलिश. टाकीपाशी उभं राहून त्याने वर बघितलं आणि विचारलं, "पिंजरा कशाला आहे?"

"पडू नये म्हणून."

"मग तुम्ही पडला कसे?"

मला राग आला. पण पुढचं त्याने नीट समजावलं. पिंजरा माणसाला मागे तोल जाण्यापासून थोडाफार अडवतो, सरळ खाली जाण्यापासून नाही. आत धरणारं काहीच नसतं. ती एक उभी नळी आहे. ब्रिटनच्या सरकारी सुरक्षा खात्याने २००४ साली यावर अभ्यास करून घेतला होता. ही कडी पडणाऱ्याला थांबवतील असा भरवसा धरता येत नाही, असंच त्यातून निघालं. अमेरिकेत तर नियमच बदलला. २४ फुटांवरच्या, म्हणजे साधारण ७.३ मीटरवरच्या शिडीला १९ नोव्हेंबर २०१८ पासून नवीन पिंजरा लावून भागत नाही; वायर किंवा रेल, नाहीतर अंगावरच्या पट्ट्यांना, म्हणजे हार्नेसला, धरणारी व्यवस्था लागते. जुन्या शिड्यांना त्यांनी १८ नोव्हेंबर २०३६ पर्यंत मुदत दिली आहे. आपल्याकडे तेव्हा कारखाने अधिनियम १९४८ चं कलम ३२ होतं. उंचीवरून पडण्याचा धोका असेल तिथे कुंपण घालून किंवा अन्य मार्गाने सोय करा, शक्य असेल तितपत, असं ते म्हणायचं. त्या 'शक्य असेल तितपत'मध्ये आमची शिडी कित्येक वर्षं आरामात बसली होती.

विकणाऱ्याचं बोलणं मी निम्मंच धरतो. म्हणून तो गेल्यावर आम्ही आमचा प्रयोग केला. साखरेच्या रिकाम्या पोत्यात ५० किलो वाळू भरली, टाकीभोवती दोर बांधून माणसं लांब ठेवली, आणि पोतं दोरीने वर ओढून पिंजऱ्याच्या आत, तेविसाव्या पायरीपाशी आणून सोडलं. दोन कड्यांना धडकून ते जे खाली आलं, ते फुटून वाळू गटारापर्यंत गेली. थांबलं कुठेच नाही.

तात्या म्हणाले, "पोत्याला हात असत्यात व्हय रं?"

तात्या म्हणजे आमचे जुने डिपवाले, निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलेलं. त्यांचं म्हणणं होतं की माणूस धडपडतो, धरतो, अडकतो. पोतं अडकत नाही. बरोबर होतं. फक्त मी अडकलो कशाने, तर कोपराने. तो खांदा अजून पावसाळ्यात बोलतो. पिंजऱ्याने वाचवलं यातलं 'पिंजऱ्याने' त्या दिवशी माझ्या डोक्यातून गेलं. फटीने वाचवलं होतं, आणि फट काही वाचवायला ठेवलेली नव्हती.

मला वाटलं होतं आता वायर मागवायची, लावायची, झालं. पुण्याच्या इंजिनिअरने सांगितलं की वायर ज्या शिडीला लावायची ती शिडीच आधी माणूस झेलण्याजोगी हवी. पडलेल्या माणसाचा झटका वायरमधून वरच्या ब्रॅकेटवर येतो आणि तिथून शिडीवर.

मग शिडी खरवडली. वायर ब्रश आणि गरम पाणी घेऊन एका खलाशाने, म्हणजे हाताखालच्या गड्याने, दोन दिवस मळीचं कातडं काढलं. पायरीच्या मध्यावर, जिथे बूट पडतो तिथे, गज चकचकीत होता, २० मिलीमीटरचा गज १९ भरला. पण दोन्ही टोकांना, जिथे गज उभ्या चॅनेलमध्ये वेल्ड केलेला असतो, तिथे मळी साचून आतून गंज धरलेला. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर १६, एका ठिकाणी १५. म्हणजे आपण बघतो ती मधली जागा ठणठणीत, आणि भार जिथे जातो तिथे कुजलेलं. टाकीच्या पत्र्याला शिडी धरणारे ब्रॅकेट हातोड्याने वाजवून बघितले. चांगल्या ब्रॅकेटचा आवाज घंटेसारखा येतो. दोघांचा आला मडक्यासारखा. वेल्डला केसाएवढी चीर, रंगाखाली झाकलेली. त्याच वर्षी मार्चमध्ये आम्ही तिला पिवळा रंग मारला होता. सुरक्षा सप्ताहासाठी.

शिडी पूर्ण बदलायची ठरलं. आता मळीच्या टाकीला बाहेरून नुसतं वेल्डिंग करायचं म्हटलं तरी ते चेष्टेचं काम नाही. मळी आंबते. आंबली की आत कार्बन डायऑक्साइड साचतो, अल्कोहोलची वाफ धरते. पत्र्याच्या एका बाजूला ठिणगी आणि दुसऱ्या बाजूला ती वाफ, हा जोड कुणी जुळवू नये. त्यामुळे टाकी रिकामी होईपर्यंत थांबलो. मग धुतली, मॅनहोल उघडे ठेवून हवा खेळवली, गॅस मीटरने तपासली आणि परमिटवर तीन सह्या झाल्यावर वेल्डर चढला. यात पाऊस सुरू झाला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती, ही चौकशी सुरू झाली की आमच्याकडे अर्ध्या लोकांचं लक्ष कामावरून उडतं, घरं नदीकाठची. जुलैचे तीन आठवडे वायाच गेले.

पिंजरा कापायचा त्या दिवशी मात्र पाऊस उघडला होता. नवीन शिडीला पिंजरा नको, हे साहेबांनी ठरवलं होतं, कारण चढणाऱ्याचं अंग कड्यांना घासतं आणि कुणी लटकलाच तर त्याला बाहेर काढायला तीच कडी आडवी येतात. गॅस कटरने एकेक कडं खाली येत होतं आणि पंधरा-वीस माणसं काम सोडून बघत होती. त्यात खुशीत कुणीच नव्हता. एक जण म्हणाला, घराचं दार काढल्यागत वाटतंय. मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. पोकळ का असेना, चढताना पाठीमागे काहीतरी आहे असं वाटायचं. वायर तर दिसायला करंगळीएवढीसुद्धा नाही.

वायर ८ मिलीमीटरची, स्टेनलेस स्टीलची. वर ब्रॅकेट, त्यात झटका खाणारा भाग. खाली ताण देणारा स्क्रू. मध्ये दर काही मीटरवर रबरी पकड, वाऱ्याने वायर फडफडू नये म्हणून. या वायरवर एक छोटा गाडा चालतो. माणूस चढेल तसा तो बरोबर वर येतो, उतरताना सावकाश खाली येतो, पण खाली झटका बसला की जबडा मिटून वायर पकडतो. त्याचं कंपनीचं नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही. पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याला खेकडा म्हणालं आणि आता स्टोअरच्या रजिस्टरमध्येही 'खेकडा, नग २' असं आहे.

खेकडा खरंच धरतो का, हे दाखवायला पुण्याच्या पोराने टाकीसाठी आणलेली वायर वापरू दिली नाही. एकदा झटका खाल्लेलं सामान पुन्हा माणसासाठी वापरायचं नाही, काढून तपासायला पाठवायचं, हा नियम त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. वर्कशॉपच्या एका खांबाला चार मीटरची वेगळी वायर बांधली. ५० किलोची दोन पोती एकत्र बांधून शंभर किलो केले आणि सोडले. 'खट्' असा एकच आवाज आला, आणि पोती टीचभर खाली येऊन डुलत राहिली. सगळे गप्प. मग तात्यांनी भडंगाचा कागद पुढे केला आणि त्या पोराला म्हणाले, "खावा साहेब."

पण ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला घेतलं ती याच्या दोन दिवस आधी झाली होती.

ड्रॉइंग टेबलावर पसरलं होतं. शिडी टाकीच्या छपरापर्यंत, वायरही छपरापर्यंत, वर ब्रॅकेट. नीटनेटकं. साहेबांची सही व्हायची बाकी. तात्या चष्मा वर करून बघत होते. म्हणाले, "आनि ह्यो हुक काढायचा कुठं हुबं ऱ्हाऊन?"

कुणालाच प्रश्न कळला नाही. मग ते उठले आणि भिंतीला धरून दाखवलं. वर पोचलो. वायर छपराच्या पातळीला संपली. आता छपरावर पाय टाकायचा तर आधी हुक सोडला पाहिजे. म्हणजे अकरा मीटरवर, शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून, एका हाताने हुक काढायचा, दुसऱ्या हाताने छपराची कड धरायची, आणि मग कमरेत वाकून पाय आडवा टाकायचा. अख्ख्या शिडीवर जो क्षण सगळ्यात वाईट, नेमका त्याच क्षणी माणूस मोकळा.

एकोणीस वर्षं मी ती शिडी चढलोय. हा पाय टाकताना दर वेळी पोटात गोळा यायचा. पण ते भीतीचं लक्षण समजून गप्प बसायचो, ड्रॉइंगमधली चूक समजून बोललो नव्हतो. पायऱ्यांवर चढणं म्हणजे एकच हालचाल पुन्हा पुन्हा, अंगाला सवय होते. वर पोचल्यावर मात्र चढण्याचं चालणं होतं आणि त्या मधल्या एका पावलाला धरायला काही नसतं.

ड्रॉइंग पुन्हा झालं. शिडीचे दोन्ही उभे चॅनेल छपराच्या वर १.१ मीटरपर्यंत नेले, पण तिथे पायऱ्या नाहीत. म्हणजे दोन्ही हातांनी चॅनेल धरून मधून सरळ चालत छपरावर यायचं, वळसा नाही, वाकणं नाही. वायरचं ब्रॅकेटही तेवढंच वर. छपरावर कठडा, आणि शिडीच्या तोंडाशी आपोआप मिटणारं फाटक. कठड्याच्या आत एक कडी वेल्ड केली: छपरावर दोन्ही पाय आले, फाटक मिटलं, लॅनयार्डचा, म्हणजे हार्नेसला जोडलेल्या दोरीचा, दुसरा हुक त्या कडीला लागला, की मगच खेकडा सोडायचा. उतरताना याच्या उलट. पुण्याचा पोरगा म्हणाला, "हे आम्हीच द्यायला हवं होतं." प्रामाणिक होता.

हार्नेसचं प्रशिक्षण ऑगस्टमध्ये झालं. आमच्याकडे आधी कमरेचे पट्टे होते. त्यावर लटकलेला माणूस मधोमध दुमडतो, बरगड्या आणि पोट सगळा झटका खातं. आता आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेलं पूर्ण अंगाचं हार्नेस. खांद्यावरून, छातीवरून, मांड्यांमधून पट्टे. मांड्यांचे पट्टे आवळताना पहिल्या दिवशी जो विनोद व्हायचा तो झाला, इथे लिहिण्यासारखा नाही. पण ढिला पट्टा म्हणजे पडताना नको तिथे बसणारा फटका, एवढं सांगितल्यावर सगळ्यांनी आपापले नीट आवळले. पट्टा आणि मांडी यात सपाट हात जाईल, मूठ फिरणार नाही, इतका.

चुका पुढच्या पंधरा दिवसांत दिसायला लागल्या. हार्नेसला पाठीवर एक कडी असते आणि छातीवर एक. छपरावर, परांचीवर काम करताना पाठीची वापरायची सवय, म्हणून एकाने शिडीवरही पाठीचीच लावली. शिडीवर छातीचीच लागते, आणि खेकडा ते छाती यातलं अंतर वीतभर, २३ सेंटिमीटरच्या आत. आमच्या एका गड्याला ते जवळ वाटलं, नाक वायरला लागतंय म्हणाला, आणि मध्ये दोन मीटरचं लॅनयार्ड जोडून चढला. म्हणजे तो आधी कित्येक फूट मोकळा पडणार, मग खेकडा जागा होणार. दोन मीटर मोकळं पडलं तरी वेग ताशी २२ किलोमीटरवर जातो. तिसरा एक खेकड्याला मुठीत धरून चढायचा, मुलाचं बोट धरावं तसं. घाबरलेला माणूस हातातली वस्तू सोडत नाही, आणि जबडा मुठीत असेल तर तो मिटत नाही. यातलं एकही मी आधी सांगितलं नव्हतं, कारण मलाच सुचलं नव्हतं. सुरुवातीचे दोन मीटरही तसेच. वायर लावली तरी तिथून पडलात तर खेकडा धरेपर्यंत, हार्नेस ताणेपर्यंत जमीन आलेली असते. तिथे हातपायच.

एवढं सगळं झाल्यावर साहेबांनी विचारलं, "लटकलेल्याला उतरवायचं कुणी?"

उत्तर नव्हतं. अग्निशमन दल येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर शहर किती लांब आहे आणि ऊसवाहतुकीच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या किती, हे आम्हाला ठाऊक आहे. हार्नेसमध्ये निश्चल लटकणं म्हणजे सुटका नव्हे. मांड्यांचे पट्टे दाबतात, पाय हलत नाहीत, रक्त पायांत साचतं, माणूस बेशुद्ध पडू शकतो आणि मग जिवावर बेतू शकतं. खरं किती वाटतं ते बघायला मी वर्कशॉपमध्ये जमिनीपासून हातभर उंचीवर स्वतःला टांगून घेतलं, चौघे बाजूला उभे. तीन मिनिटांनी मांडीच्या आतल्या बाजूला मुंग्या. पाचव्या मिनिटाला पाय माझे नव्हतेच. सहाव्याला मी "घ्या रं खाली" म्हणालो, आणि आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

मग पुली-दोराचा संच घेतला, तो टाकीखालीच पेटीत असतो, कुलूप न लावता. प्रत्येक पाळीत दोघं तरी तो वापरणारी. सराव वाळूच्या पोत्यावर; पहिल्यांदा पोतं उतरवायला एकवीस मिनिटं लागली, आता सात-आठ लागतात. हार्नेसच्या खिशात पायात अडकवायचा एक पट्टा ठेवला, शुद्धीवर असेल तर त्यात उभं राहून मांड्या मोकळ्या करता येतात. आणि एक पाटी: एकटा असताना चढू नये. पाटी मी स्वतः लिहिली. अक्षर बरं नाही.

दसऱ्याच्या आधी बॉयलर अग्निप्रदीपन झालं, नोव्हेंबरात मोळी टाकली, म्हणजे गाळप सुरू झालं. त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष ऊस टाकतात त्या गव्हाणीकडे असतं, टाकीकडे कोण बघतो. मळी साचायला आठवडा गेला. पहिला डिप तात्यांचा मान, पण त्यांनी मला बोलावलं. "तू जा. न्हाईतर कवाच जायाचा न्हाईस."

पहाटेच होती. धुकंही. बॅटरी या वेळी हेल्मेटला. छातीच्या कडीत खेकडा अडकवला, बाण वरच्या दिशेला आहे ना बघितलं, कारण उलटा बसला तर तो धरत नाही. चढताना तो डोळ्यांसमोरून गुळगुळीत सरकत होता, पकडीपाशी आला की बारीक टिक् व्हायचं. अठरा, एकोणीस, वीस. तेविसाव्यावर थांबलो. मुद्दाम नाही, पाय थांबले. नवीन गज, पन्हाळीचा, दातेरी. त्यावर काही नव्हतं, नुसतं दव. खालून तात्या काही बोलले नाहीत, आणि तात्या काही न बोलणं म्हणजे काय ते ओळखणारे ओळखतात.

वर चॅनेल धरून चालत आत गेलो. फाटक मागे खाड्‌कन मिटलं. दुसरा हुक कडीला, मग खेकडा सुटा. टेप सोडली, वर ओढली, बोटाने खूण धरली आणि ओरडलो, "एक मीटर दहा!" खालून पोराने ते परत म्हणून दाखवलं.

टेपवरून मळी गळायला लागली. कठड्याच्या आतल्या बाजूला आता एक बादली टांगलेली असते, हँडलला जुनं गोणपाट बांधलेलं. ती स्टोअरमधून मी सगळ्यात आधी आणली होती, वायरच्याही आधी, मार्चमध्येच. टेप बादलीवर धरली आणि पुसायला लागलो.